खालच्या बंकजवळचा नळ

“आजोबा, या गाडीत कुणी मेलंय का हो?”

विचारून टाकलं! टिटवी विचारणारच नाही, ऐनवेळी तिची दातखीळ बसेल, अशी मैत्रिणींची पैज होती. टिटवीने विचारलं. भर दुपारी, अंगणात, अगदी समोर उभं राहून.

जीपला जोडून न्यायच्या राहत्या ट्रेलरचे जुने मालक चाकाशी उकिडवे बसून हवा बघत होते. त्यांनी मान वर केली.

“गाडीत?” ते म्हणाले. “गाडीत नाही.”

“टिटवे!” बाबा ट्रेलरच्या दारातून ओरडले. “जिभेला काही हाड आहे की नाही? काका, तुम्ही लक्ष देऊ नका.”

काका लक्ष देत नव्हतेच. आठ दिवस ठेवा, नाही पटली तर परत नेतो, असा त्यांचा शब्द होता. आज आठवा दिवस. त्यांची जीप मागे घेऊन ट्रेलरच्या तोंडाशी लावलेली होती. आकडा अडकवायचा तेवढा राहिला होता.

बाबा पेशाने वायरमन. चाकांवरच्या या इवल्याशा घरात त्यांनी नवी वायर ओढली, नवी बॅटरी बसवली, नवे पाइप टाकले आणि पाण्याचा नवा पंप लावला. नळ उघडला की हा पंप आपोआप चालू होतो, नळ बंद केला की थांबतो. पण आता तो नळ बंद असतानाही चालत होता. रोज. गळती असेल म्हणून बाबांनी सगळे जोड दोनदा सोडून पुन्हा आवळले, प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्र पसरलं. वर्तमानपत्रं कोरडी ठणठणीत.

“वायरमनने नळाला हात लावला की असंच व्हायचं,” आई म्हणाली होती.

बाबा हसले नव्हते. “मोटर तापून पेट घेतला तर? असल्या गाडीत मी तुम्हाला घेऊन जाणार नाही.”

टिटवीला मात्र गाडी हवीच होती. घरी ती बाहेरच्या खोलीत झोपायची, तेही सगळ्यांचा टीव्ही बघून झाल्यावर. ट्रेलरमधला मागचा कोपरा मात्र तिचा एकटीचा असणार होता. वरच्या झोपायच्या फळीवरून, म्हणजे बंकवरून, पडशील म्हणून आईने खालचा बंक दिला होता. तिने तिथं फोटो चिकटवले होते, दिव्यांची माळ लावली होती, आणि अख्ख्या वर्गाला सांगूनही झालं होतं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईचा आवाज आला. “चला जेवायला! हात धुवून या!”

घर्रर्र.

पंप चालू झाला.

“ऐका!” बाबा टुणकन खाली उतरले. “आत कुणी नाही, सगळे नळ बंद. आता बोला!”

काकांचे ओठ हलत होते. टिटवी जवळ सरकली.

“...अठरा, एकोणीस, वीस.”

पंप थांबला.

“साबण लावला की वीसपर्यंत मोजायचं,” काका कुणाकडेही न बघता म्हणाले.

काल पंप कधी वाजला होता? आईने जेवायला हाक मारली तेव्हा. परवा? तेव्हाच. टिटवी सरळ ट्रेलरमध्ये शिरली. मैत्रिणींपैकी एकीचीही ही हिंमत झाली नसती!

ओट्यावरचं बेसिन कोरडं. न्हाणीघर कोरडं. खालच्या बंकजवळ, गुडघ्याएवढ्या उंचीवर, प्लायवुडला एक गोल भोक होतं. त्यातून पाइपचं तोंड डोकावत होतं, टोपण लावून बंद केलेलं.

“बाबा, इथं काय होतं?” तिने मागोमाग आत आलेल्या बाबांना विचारलं.

“एक बुटका नळ होता. काढून टाकला. इतक्या खाली कुणाला लागतोय नळ?”

“कधी काढला?”

“रविवारी.”

“आणि पंप कधीपासून आपोआप चालतोय?”

“रविवार... पासूनच,” बाबा म्हणाले आणि त्या भोकाकडे वाकून बघू लागले.

“अरे, किती हाका मारायच्या?” आई पुन्हा ओरडली. “हात धुतलेत की नाही?”

तिघंही जागच्या जागी उभी राहिली. टिटवीने मनात पन्नासपर्यंत मोजलं. पंप गप्प.

“नातीसाठी बसवला होता मी तो नळ. तिला दोनदा सांगावं लागायचं नाही,” काका दारातून म्हणाले. त्यांनी जीपची किल्ली काढली. “आणा. नेतो मी गाडी.”

टिटवी त्यांच्या बाजूने निसटून बाहेर पळाली. घराच्या जिन्याखाली भंगाराची बादली होती. जुन्या वायरी, गंजके स्क्रू, तुटके जोड, सगळ्यावर धुळीचा थर. तळाशी तो पितळी नळ होता, तिच्या अर्ध्या तळव्याएवढा. त्याची चावी झिजून गुळगुळीत झालेली.

नळ ओला होता. तिने तो नाकाशी नेला. साबणाचा वास आला.

आई डाव हातात घेऊनच अंगणात आली. “काय चाललंय तुमचं? भूक मेलीय का सगळ्यांची?”

“आई, बाबा, ऐका,” टिटवी म्हणाली. “गाडी परत जाणार नाही. हा नळ होता तिथंच बसवायचा. आत्ता, जेवायच्या आधी. आणि मी वरच्या बंकवर झोपणार.”

“पडशील गं वरून. खालचा चांगला रिकामा आहे की.”

“नाहीये,” टिटवी म्हणाली, आणि तिने नळ बाबांच्या हातात ठेवला.