गुलाबी झालं तर

कॉलेजच्या प्रयोगशाळेत इंगोले सरांनी परीक्षानळीतल्या पाण्यात रसायनाचे दोन थेंब सोडले आणि नळी खिडकीकडे धरली.

"गुलाबी झालं तर वाईट," ते म्हणाले. "तुमच्या विहिरीत क्रोमियम आहे, हे मोठ्या मशीनवर काल दिसलंच. पण त्याची रूपं दोन. एकाचा फारसा त्रास नाही. दुसरं विषारी. रंग येतो तो त्या दुसऱ्यामुळे."

सीमानं मांडीवरच्या आचलला घट्ट धरलं. शेजारच्या शेतातल्या बोअरला पिवळं पाणी आल्यापासून ती घरात पिण्यासाठी विकतच्या पाण्याचे जार आणत होती, आणि रोज सकाळी लेकीची जीभ, नखं, तळवे तपासत होती. कॉलेजात तिला रसायनशास्त्र होतं. थोडं कळत होतं. भीतीला तेवढं पुरत होतं.

नळीतलं पाणी पाण्यासारखंच राहिलं.

"नाही," सर हसले. "विषारी रूप नाही. निर्धास्त जा."

बाजूला बसलेल्या सासूबाईंनी, पार्बताबाईंनी, पदर सावरला. "पाह्य! इतके दिवस पाण्यालेच भेऊन राहिली. लय शिकली न तू, म्हून."

"हो आई, भ्याले मी," सीमा म्हणाली. तिला हसूसुद्धा आलं.

"अन् सर, बाटली बी कशी चकचकीत देली होती, पाह्यली न? तेलाची होती, वास मारे. म्या लिंबानं घासली. पाणी भरल्यावर अर्धं लिंबू वरून पिळलं. म्हटलं, कॉलेजातले लोकं नाक मुरडतीन, आपल्या घराले नाव ठेवतीन."

सरांचं हसू थांबलं. "पाण्यात लिंबू पिळलं?"

"मंग! वाईट थोडी केलं."

"आजी, लिंबानं त्या विषारी रूपाचं साधं रूप होऊन जातं. बाटलीतल्या बाटलीत. मग रंग कुठून येणार?" त्यांनी नळी स्टँडमध्ये ठेवून दिली. "विहिरीचं दुसरं पाणी लागेल. नुसतं. उद्या आणा."

"उद्या कायले?" पार्बताबाईंनी पिशवीत हात घालून आचलची कार्टूनवाली बाटली काढली. "हे हाय न. विहिरीचंच."

सीमा त्यांच्याकडे बघतच राहिली. "आई, ही तिची प्यायची बाटली आहे."

"मंग? जारचं पाणी पोरीले मानवते का? मीच तर भरतो रोज. तुले सांगितलं असतं त तू भांडली असती."

सरांनी त्यातलं थोडं पाणी नव्या नळीत ओतून घेतलं. बाटली सीमाच्या हातात परत दिली. थेंब सोडले.

क्षणभर काहीच झालं नाही. मग वरून एक गुलाबी रेघ खाली उतरली, पसरली, गडद होत गेली. आचलनं टाळ्या वाजवल्या.

सीमानं नळीकडे पाहिलंच नाही. ती बाटली उजेडात धरून पाणी कुठवर उतरलंय ते बघत होती.