जुन्या प्रोसेसरचा तुकडा

संगणकाच्या पडद्यावर पुन्हा तीच सूचना आली होती. हा भाग वेगळ्या प्रोसेसरसाठी बनवलेला आहे.

"काल चालू, आज बंद! कुणीतरी मुद्दाम माझ्या मागे लागलंय, वैद्यबुवा," ती म्हणाली.

वैद्यबुवा म्हणजे ती जिथे संशोधन करायची त्या प्रयोगशाळेतले संगणक दुरुस्त करणारे गृहस्थ. आजारी मशिनं बरी करतात, म्हणून सगळे त्यांना असं म्हणत. एरवी त्यांच्या तोंडाचा पट्टा थांबायचा नाही. आज त्यांनी मुकाट्याने खुर्ची ओढली.

आठवड्यापूर्वी तिचा जुना संगणक मोडीत गेला आणि नवा आला. नव्याचा प्रोसेसर निराळ्या घडणीचा होता. चित्र काढणाऱ्या सॉफ्टवेअरचा एक तुकडा मात्र रोज सकाळी जुन्याच घडणीचा निघायचा. उजव्या पायात डावा जोडा घालावा, तसं. वैद्यबुवा योग्य तुकडा बसवून जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा डावा जोडा हजर.

तिला ते चित्र हवंच होतं. साठ माणसांच्या जनुकांचे आकडे त्यात रंग होऊन उमटणार होते, प्रत्येकाची एक आडवी ओळ. शेवटचा चौकोन निळा निघाला तर माणूस सुटला. लाल निघाला तर पन्नाशीच्या आतच सगळं विसरायला लागणार. त्यातली एक ओळ तिची स्वतःची होती. घरी तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

तिच्या आईला हाच आजार होता. स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून, चेहऱ्यावर पाहुण्यांसाठी ठेवलेलं हसू आणून, आईने एकदा तिला विचारलं होतं, "तू कुणाची गं?" तेव्हा ती सतरा वर्षांची होती. आता सेहेचाळीस.

"मशीन नोंद ठेवतं," वैद्यबुवा हळू आवाजात म्हणाले. "कुणी, कधी, काय बसवलं त्याची. बघा."

सहा नोंदी होत्या. सहाही सकाळी नऊच्या सुमाराच्या, सहाही तिच्याच नावावर.

ती चिडली. पासवर्ड चोरीला गेलाय, म्हणाली. मग तिने नोंदीतली, तो जुना तुकडा बसवणारी आज्ञा वाचली. जुन्या संगणकावर दहा वर्षं ती रोज सकाळी हीच आज्ञा देत आली होती. अक्षरन् अक्षर तिच्या सवयीचं होतं.

"हात्तिच्या!" ती हसली. तिला केवढं हायसं वाटलं. "म्हणजे ते भूत मीच! येते, पर्स ठेवते आणि हात आपोआप चालतात. आणि मी मात्र सगळ्या प्रयोगशाळेवर संशय घेत बसले."

वैद्यबुवा हसले नाहीत.

"बरं, आता बसवा तो तुकडा," ती खुर्ची पुढे घेत म्हणाली. "काढाच ते चित्र. लाल तर लाल. एकदाचं कळू दे मला."

वैद्यबुवांनी माउसला हात लावला नाही. चष्मा काढून ते तो बराच वेळ पुसत राहिले.

"मॅडम, सोमवारी काढलं होतं ते मी. बुधवारीही काढलं," ते म्हणाले. "दोन्ही वेळा तुम्ही इथेच बसून रडलात."