खिडकी लावून

ग्रीसमधल्या आमच्या गावात आमची घरची, एकेकाळी बंदी असलेली मॅसेडोनियन भाषा बोलायची म्हटलं, की आजोबा आधी उठून खिडकी लावतात. या भाषेपायी त्यांनी शाळेत छड्या खाल्ल्यात.

आज उकाड्यानं माझी तान्ही लेक रडत होती. आजोबांच्या ग्रीक अंगाईनं ती थांबेना. मग नकळत त्यांच्या तोंडून त्यांच्या आईची मॅसेडोनियन अंगाई निघाली. लेक शांत झाली, पण दुसरं कडवं काही त्यांना आठवेना.

ते समोरच्या गच्चीवरून ऐकू आलं. खिडकी उघडीच राहिली होती. कपडे वाळत घालता घालता फोतिनीआजी गात होत्या. पोलिसाची बायको म्हणून ज्यांच्या धाकानं साठ वर्षं खिडकी लावली, त्याच!

"तुम्हालाही येतं?" आजोबांनी ग्रीकमध्ये विचारलं.

"अरे, हळू बोल," त्या आमच्या भाषेत म्हणाल्या. "पोर उठेल."