अर्धी टाकी

"डिझेल का पंप गया, बाई. खोलके भेजना पडेंगा. आठ दिन लगेंगे," बॉनेट खाली घेत गफूर उस्ताद म्हणाले.

गाडी चालवणाऱ्या सत्यशीलाला ते पटलं नाही. बजाजनगरातल्या त्या गॅरेजसमोर पिकअप सकाळपासून उभी होती आणि इंजिन कसं शहाण्यासारखं चालत होतं. इथं ते कधीच बंद पडत नव्हतं. पडायचं ते कन्नडच्या घाटात, भरल्या गाडीनिशी, ऐन चढावर. महिन्यात तीनदा.

आणि आठ दिवस होतेच कुठं? घाटाखाली तिचा नवरा रामेश्वर दीडशे मेंढरं घेऊन बसला होता. तिथलं पाणी आटलं होतं. नुकतीच जन्मलेली बावीस कोकरं पायी घाट चढणार नव्हती, आणि कोकरांना सोडून मेंढ्या हलणार नव्हत्या.

"पंपाला काय झालं नाय," धाकटा दीर बिभीषण म्हणाला. "वहिनीला चढावर गाडी जमत नाय, एवढंच. अण्णा, एखादा ड्रायव्हर लावा. चावी घ्या त्यांच्याकडनं."

त्याचा बाप, मुंजाबा, भिंतीशी उकिडवा बसला होता. त्यानं सुनेकडं बघितलं.

"तुझं काय म्हणणं हाय, पोरी?"

सत्यशीला उस्तादांकडं वळली. "उस्ताद, तिन्ही बारीला काटा अर्ध्याच्या खाली होता. भाऊजी कॅन घेऊन यायचे, डिझेल वतलं की गाडी चालू. पंप गेला असता तर वतल्यावर तरी चालली असती का? अन् तुमच्याकडं आणताना दर बारीला टाकी फुल करून आणली. मग इथं कशी बंद पडंल?"

उस्ताद हात पुसता पुसता थांबले. "तो फिर?"

"कुठंतरी हवा घेतीय. आज मी टाकी भरू दिली नाय. अर्धीच हाय. गाडीचं तोंड वर करून उभी करू, मग बघा."

"हवा खाती म्हणं!" बिभीषण हसला. "गाडी हाय का पाव्हणी?"

शेजारी इमारतीचं काम चालू होतं. तिथं मुरुमाचा ढीग पडला होता, आणि दोन गवंडी पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी दोन टोकांना धरून भिंतीची पातळी बघत होते. सत्यशीला सरळ त्यांच्याकडं गेली. "दादा, ह्या नळीचा हातभर तुकडा देता का? लई नड हाय." गवंड्यानं तिच्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं आणि करवतीच्या पात्यानं तुकडा कापून दिला.

टाकीतून फिल्टरकडं येणारा पाइप सोडवून उस्तादांनी मध्ये तो तुकडा जोडला. गाडी चालू केली. सपाटीवर नळीतून डिझेल स्वच्छ वाहत होतं, कुठं हवेचा कण नाही.

"देखो, साफ है," उस्ताद म्हणाले.

सत्यशीलानं पहिला गियर टाकला आणि पुढची दोन्ही चाकं मुरुमाच्या ढिगावर चढवली. ब्रेक ओढून इंजिन चालूच ठेवलं आणि खाली उतरली.

एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. बिभीषणनं जांभई दिली.

मग नळीत एक बुडबुडा आला. तिळाएवढा. त्याच्यामागं दुसरा. मग माळच लागली. इंजिन खोकलं, थरथरलं आणि गप झालं.

उस्ताद गुडघ्यावर बसून त्या नळीकडं बघत राहिले. "हौ बाई," ते हळूच म्हणाले. "हवा ले रही. टाकी के अंदर से."

त्यांनी टाकीतली ओढनळी बाहेर काढली. नळीच्या मध्याच्या जरा खाली, गंजलेल्या जागी, नखाएवढी चीर होती. सपाटीवर ती डिझेलमध्ये बुडालेली असायची. चढावर डिझेल टाकीत मागं सरकलं की चीर उघडी पडायची, आणि नळी डिझेलऐवजी हवा ओढायची. पंपाचा काही दोष नव्हता. चालवणारीचाही नव्हता.

उस्तादांनी ती नळी बिभीषणच्या नाकासमोर धरली. "ये देखो. क्या बोल रहे थे तुम? जमता नै?"

बिभीषणला गवंड्यांचं काम बघायची एकदम हौस आली.

दुपारपर्यंत नवी नळी बसली. उस्तादांनी सवयीनं चावी बिभीषणपुढं केली. मुंजाबानं मध्येच हात घालून ती घेतली आणि सुनेच्या तळहातावर ठेवली.

ऊन उतरायच्या सुमारास पिकअप घाटाच्या पायथ्याशी होती. मागं बावीस कोकरं, चार लंगड्या मेंढ्या, आणि त्यांना सांभाळायला बिभीषण. बाकीचा कळप घेऊन रामेश्वर पायी निघाला होता. काटा अर्ध्याच्या पार खाली गेला होता. वाटेत पेट्रोल पंप आला तेव्हा बिभीषणनं टपावर हात बडवला होता, पण सत्यशीलानं गाडी थांबवली नव्हती.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. मग तो उभा चढ आला, जिथं तिन्ही वेळा गाडीनं मान टाकली होती. तिनं दुसरा गियर टाकला. शेजारी मुंजाबा समोरचा दांडा धरून बसला होता. इंजिनाचा आवाज जड झाला, पण तुटला नाही. चढ संपेपर्यंत तुटला नाही.

माथ्यावर वारा होता. रुंद जागा बघून सत्यशीलानं गाडी कडेला घेतली आणि चावी फिरवली. एकदम शांत झालं. कोकरं तेवढी ओरडत होती.

"काय झालं, वहिनी?" मागून बिभीषण ओरडला. "पडली ना बंद?"

सत्यशीला उतरली, मागं आली आणि कोकरांना वारा लागावा म्हणून फाळका सोडला.

"पडली नाय, भाऊजी," ती म्हणाली. "मी केली."