घुबडाचा शेजार

तंबू उतरवून झाला होता. खांब उन्हाळ्यातही गवतावरून ओढता येणाऱ्या स्लेजगाडीवर चढले, कातडी गुंडाळली गेली. चूल तेवढी उघड्या आभाळाखाली धुमसत होती आणि हाद्ने तिच्यापाशी बसून होती.

"ऊठ गं आता," न्याद्मा म्हणाला. तो तिचा थोरला दीर. नदीपलीकडून स्वतःचे रेनडिअर जुंपून त्यांना न्यायला आला होता. "गावात लाकडी घरात खोली मिळतेय. दिवा आहे, भट्टी आहे. इथं काय उरलंय?"

त्याचं काही खोटं नव्हतं. दोन वर्षांमागे ऐन हिवाळ्यात पाऊस पडला होता. बर्फावर पाऊस, आणि त्यावर पुन्हा कडाका. सगळा टुंड्रा काचेसारखा घट्ट झाला. रेनडिअर खुरांनी खणत राहिले. खुरं रक्ताळली, पण खालच्या शेवाळापर्यंत पोचता आलं नाही. हाद्ने आणि येझिंगीचा अख्खा कळप डोळ्यांदेखत आडवा झाला; नदीपलीकडे न्याद्माचा तेवढा थोडा वाचला. तेव्हापासून नवरा-बायको नदीतल्या माशांवर दिवस काढत होते. येझिंगी बोलायचाच कमी झाला होता. आताही तो मुकाट्याने दोर आवळत होता.

"वाटेत खायला अंडी आणते," हाद्ने म्हणाली.

"अंडी?" न्याद्मा हसला. "दोन उन्हाळे कोल्ह्यांनी एक घरटं शिल्लक ठेवलंय का? जा, दगड उकडून घाल आम्हाला!"

ती टोपली घेऊन चालू लागली. पुटपुटत, बंदूक खांद्याला अडकवून तोही मागोमाग निघाला.

वाटेत पायाखालून लेमिंग पळत होते. आखूड शेपटीचे, मुठीएवढे उंदीर. एक इकडून, दोन तिकडून. न्याद्माच्या कुत्र्याने पाचसहा मटकावले आणि मग कंटाळून नुसताच त्यांच्याकडे बघत बसला.

टेकाडाच्या पायथ्याशी ती दोघं पोचली आणि आभाळातून काहीतरी पांढरं सुसाट खाली आलं. हाद्ने खाली बसली. तिच्या डोक्यावरून वाऱ्याचा झोत गेला. पांढरं घुबड होतं. गिरकी घेऊन ते पुन्हा वळलं. न्याद्माने बंदूक उचलली.

"थांबा भाऊजी!" तिने नळी खाली दाबली. "आधी समोर तर बघा."

टेकाडाच्या माथ्यावर घुबडाची मादी बसली होती. तिच्या पोटाखालून करड्या पिसांची पिल्लं डोकावत होती. घरट्याभोवती मारलेले लेमिंग रचून ठेवले होते. खाऊन उरलेले, उद्याचे, परवाचे. आणि त्याच्याही भोवती, हाकेच्या अंतरावर, गवतातून माना वर आल्या होत्या. तांबड्या गळ्याचे रानहंस. एक, चार, मग जिकडे नजर जाईल तिकडे. प्रत्येक मादी आपापल्या अंड्यांवर निवांत. इतक्या मोठ्या शिकारी पक्ष्याच्या अंगणात!

न्याद्मा काही बोलणार, तोच पलीकडच्या ओघळातून कोल्हा आला. पोट जमिनीला घासत, एकेक पाऊल टाकत तो पहिल्या हंसिणीकडे सरकला. ती जागची हलली नाही. माथ्यावरून पांढरा नर सुटला. आवाज नाही, काही नाही. त्याने कोल्ह्याच्या पाठीत नखं रुतवली तशी किंकाळी फुटली. कोल्हा कोलांट्या खात उतरला आणि शेपूट घालून पळाला. नर परत जाऊन दगडावर बसला. हंसिणीने मान पंखात खुपसली.

हाद्नेचा जन्म टुंड्रावर गेला, पण हे तिने असं कधी पाहिलं नव्हतं. टोपली तिने पालथी घालून ठेवली. या अंगणातून अंडं उचलायचा धीर तिला झाला नाही.

"गेली दोन वर्षं ही घुबडं फिरकलीसुद्धा नाहीत," न्याद्मा हळूच म्हणाला.

"कशी येतील? आमचा कळप गेला त्याच बर्फाखाली उंदीरही उपाशी मेले. उंदीर नाहीत म्हणून घुबड नाही. घुबड नाही, आणि कोल्हे उपाशी, म्हणून अंडी नाहीत." ती थांबली. "आणि यंदा बघा. एवढे उंदीर जगले, भाऊजी. म्हणजे यंदा बर्फ खालपर्यंत भुसभुशीत होता. रेनडिअरलाही खणता आलं असतं."

न्याद्मा एकदम खाली बसला. त्याने शेवाळात हात घातला. मूठभर उपटलं, नाकाशी नेलं. पांढरं, लांब वाढलेलं. रेनडिअर ज्यावर हिवाळा काढतो ते.

"पुढच्या हिवाळ्यात परत पाऊस पडला तर?"

"पडेलही. आजकाल त्याचा काय भरवसा? मग ही येणार नाहीत." हाद्नेने टेकाडाकडे हात केला. "पण आज आलीत ना."

ती दोघं उठेपर्यंत नराने दोनदा लेमिंग आणून मादीपुढे टाकले. हंस सगळे आपापल्या जागी होते.

परत आल्यावर न्याद्मा तडक स्लेजकडे गेला आणि खांबांचे दोर सोडायला लागला. येझिंगी बघतच राहिला.

"दादा, हे काय? जायचं नाही?"

"नाही. थंडी पडली की माझ्या कळपातल्या थोड्या माद्या इकडे हाकतो. सांभाळा." न्याद्माने मान वर केली नाही. गाठ सुटत नव्हती, ती तो दातांनी ओढत होता. मग म्हणाला, "मीच माझा कळप देऊन टाकून गावात राहायला निघालो होतो, येझिंगी. एकट्याने टुंड्रा सोडायची लाज वाटत होती, म्हणून तुम्हाला न्यायला आलो."