उमाकांतरावांचं जिन-लिंबू

बंगळूरला, राजाजीनगरच्या घरी, गच्चीवर उमाकांतरावांच्या तेराव्याचं पान ठेवलं होतं. कावळा काही शिवेना.

"रोज संध्याकाळी दोन घोटांत झिंगून गायचा. तेच राहिलंय बघा," म्हणत दोस्त प्राणेशनं जिन, लिंबू, साखर, सोडा ढवळून ग्लास पानाशी ठेवला. गुरुजींनी तेवढ्यापुरते डोळे मिटले. कावळ्यानं मान फिरवली.

उमाकांतरावांच्या बायकोला, सुलभाला रडू फुटलं. "प्राणेशण्णा, डॉक्टरांनी दारू बंद करायला सांगितल्यापासून मी जिनच्या बाटलीत पाणीच भरत होते. चार वर्षं फसवलं हो त्यांना!"

"सरी अक्का, मग तसलंच करा स्वल्प."

तिनं केलं. कावळ्यानं लगेच येऊन चोच बुडवली.

"अहो," ती पुटपुटली, "मग ते रोजचं गाणं?"