खडपातलं जाळं

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी भिकाजी बंगळुरूला सर्जापूर रोडवर लेकीकडे आला होता. तिकडे मालवणला आईला घरी ठेवून मुलगा एकटाच होडी घेऊन मासेमारीला गेला आणि समुद्रातल्या खडकांपाशी वादळी वाऱ्यात सापडला. "बाबा, जाळां खडपात अडाकलां, होडी वळणा नाय!" मुलगा फोनवर ओरडला. "ता काप!" "तुमी हातान विणलेलां..." "मी दुसरां विणतलंय. काप, नि होडीचां तोंड लाटेकडे धर!" फोन बंद पडला. लेक पुन्हापुन्हा नंबर लावत राहिली. डोळ्याला पट्टी बांधलेला भिकाजी भिंत धरून उभाच होता. खालच्या गाड्यांच्या आवाजातही त्याला लाटाच ऐकू येत होत्या. अखेर फोन वाजला. "बाबा, रेतीत उभो आसंय." भिकाजी म्हणाला, "पयलां घराक जा, आयेक तोंड दाखय." मग खुर्ची चाचपत मटकन बसला आणि रडणाऱ्या लेकीला म्हणाला, "वाढ गो, भूक लागली."